रंजना आणि रेलवागूचं पाणी

रंजनाला घाण वाटायची. कशाची म्हणून विचारायची सोय नव्हती, सगळ्याचीच वाटायची. नळाची तोटी ती मनगटानं फिरवी. बसमधला दांडा पदराआडून धरी. कुणाच्या घरी चहा आला की कपाच्या कानाच्या बरोबर वरच्या कडेला ओठ लावी, कारण तिथून कुणी पीत नाही अशी तिची खात्री होती.

हा वारसा आईचा. पद्मावतीबाईंचं माहेर उदगीरकडचं, सासर हैदराबादेत गौळीगुड्यात. त्या घरात टोपल्याचा संडास होता. सकाळी मागच्या बोळातून टोपली उचलली जाई, तेव्हा पद्मावतीबाई घरातली सगळी दारं-खिडक्या लावून घेत आणि टोपली गल्लीबाहेर गेली की उघडत. टोपली उचलणाऱ्या बाईचं नाव त्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. दार लागलं की घाण संपली, हा त्या घराचा नियम, आणि रंजना त्याच नियमात वाढली.

अशी मुलगी जंतूंचं शास्त्र शिकायला गेली याचं नातेवाइकांना हसू येई. पण उस्मानिया विद्यापीठात पहिल्यांदा नखाखालचा मळ भिंगातून पाहिला, तेव्हा बाकीच्या मुली ‘ई’ करून मागे सरल्या आणि रंजनाला मात्र कुणीतरी आपली बाजू घेतल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं ती जे नुसतं म्हणत होती, ते इथं वळवळत होतं.

एम.एस्सी. झाल्यावर तिला आबिड्समध्ये एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी लागली. लग्न झालं ते पुण्याच्या श्रीकांतशी. तो सिकंदराबादेत एका कॉम्प्युटर कंपनीत होता. तो काळ नव्वद सालानंतरचा. शहराच्या कडेला शेतं विकली जात होती आणि त्यावर रातोरात उगवल्यासारख्या इमारती उभ्या राहत होत्या. अशाच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर दोघांनी फ्लॅट घेतला. पांढऱ्या फरशा, दोन संडास, पाश्चात्त्य भांडं. रंजनानं पहिल्या दिवशी साखळी ओढली आणि पाणी गोल फिरून नाहीसं झालेलं पाहत ती तिथं नुसती उभी राहिली. श्रीकांत हौशी माणूस, तो लगेच इमारतीच्या असोसिएशनचा सेक्रेटरी झाला.

प्रयोगशाळेला त्या काळात कामाची ददात नव्हती. पाणी बाटलीत भरून विकायचं नवं खूळ आलं होतं. अशा एका कंपनीनं शहरापासून तासाभरावरच्या मल्केपल्ली गावात, रेलवागू नावाच्या छोट्या नदीकाठी जमीन पाहिली. वागू म्हणजे तेलुगूत ओढा, पण हा बारमाही होता. कंपनीला काठावर बोअर मारायच्या होत्या, आणि वागूचं पाणी घाण आहे असं तिच्या कानावर आलं होतं. पाण्यात जंतू किती, नायट्रोजन-फॉस्फेट किती, आणि मुख्य म्हणजे ही घाण येते कुठून, एवढं शोधून द्यायचं होतं. साहेबांनी काम रंजनाकडे दिलं.

जीप घेऊन अप्पाराव निघाला. तो प्रयोगशाळेचा जुना ड्रायव्हर, बोलायला मोकळा आणि रंजनाच्या सवयींना वैतागलेला. मल्केपल्लीच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली आणि रंजनानं खाली पाहिलं.

पाणी हिरवं होतं. वाटाणे उकळून नासल्यासारखं हिरवं, वर सायीसारखा थर आणि थरात माश्या. काठाच्या चिखलात म्हशी मानेपर्यंत बुडून बसल्या होत्या. त्यातलीच एक शेपूट उचलून पाण्यात शेण सोडत होती, आणि तिच्यापासून चार हातांवर एक बाई दूध काढायची कासंडी घासत होती. पलीकडे बाभळीआड एक पोर उकिडवं बसलं होतं. वासाला तर नाव नव्हतं. रंजनानं रुमाल नाकाला लावला, तो दिवसभर काढला नाही.

कासंडी घासणारी बाई मालनबाई. तिचा आजेसासरा उदगीरकडून म्हशी हाकत इकडे आला आणि वागूच्या काठी गोठा बांधून राहिला. तिच्या बोलण्यात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच दाव्याला बांधलेली असे. मराठी बोलणारी मॅडम आली म्हणताच तिला आनंद झाला.

“बाई, पुलावरूनच बादली सोडताव? खाली या की. म्हशी काय मान्सं खात न्हाईत.”

रंजना खाली गेली नाही. काम कसं करायचं ते तिनं पक्कं ठरवून टाकलं होतं. पुलावरून सुंभाच्या दोरीनं बादली सोडायची, पाणी वर घ्यायचं, निर्जंतुक बाटल्यांत भरायचं आणि बर्फाच्या पेटीत घालून दुपार टळायच्या आत प्रयोगशाळेत न्यायचं. खाली उतरायची गरजच नव्हती. आणि प्रत्येक खेपेला, बादली सोडायच्या आधी आणि नंतर, ती बादली आणि दोरी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवून काढी. त्या पाण्याची मोठी बाटली जीपमध्ये कायमची असे. अप्पाराव म्हणे, “अम्मा, पाणी घाण, बादली घाण, मग माणसानं हात लावायचा कशाला?” त्यावर रंजना म्हणे, “म्हणूनच धुते.”

घाण माणसाची की जनावराची, हे ओळखायची तेव्हा एक सोपी रीत होती. माणसाच्या मैल्यात एका जातीचे जिवाणू जास्त सापडतात, गुरांच्या शेणात दुसऱ्या जातीचे. दोन्ही मोजायचे आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. रंजनानं हिवाळाभर वागूचं पाणी मोजलं आणि प्रत्येक वेळी माणसाकडचे जिवाणू थोडे आणि गुरांकडचे जास्त निघाले. नायट्रोजन भरपूर होता, तो शेणमुताचा म्हणता येत होता. फॉस्फेट जरा फारच होतं, पण घाटावर बायका साबण लावून धुणं धुतात, त्याचं असेल म्हणून तिनं सोडून दिलं. डोळ्यांनी पाहिलेली शेपूट आणि कागदावरचा आकडा एकमेकांना दुजोरा देत होते. नदीकाठच्या गुरांचं शेण हेच प्रदूषणाचं मुख्य कारण, असा अहवाल गेला.

कंपनीनं तो गावाच्या पंचायतीपुढे ठेवला. म्हशी हलल्या तर आम्ही येतो, आलो तर गावाला डांबरी रस्ता करून देतो. पंचायतीनं फार विचार केला नाही. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आत मालनबाईनं गोठा मोडून काठ सोडावा, असं ठरलं. दुसरी जागा कुठली, हे कुणी सांगितलं नाही.

एके दिवशी मालनबाई आबिड्सला आली. पोस्टाजवळ बसमधून उतरून, विचारत विचारत ती प्रयोगशाळेचा जिना चढली. शेण लागलेल्या टाचा पांढऱ्या फरशीवर उमटत गेल्या. रंजनानं खुर्ची दिली, पण स्वतः टेबलाच्या पलीकडे उभी राहिली.

मालनबाई भांडायला आली नव्हती. म्हशी पाण्यात हागतात हे तिनं आधीच कबूल केलं. पण वाईट पाणी वरून येतं, वरच्या तांड्यावर डुकरं आहेत, त्यांचंच ते काम, असं तिचं म्हणणं पडलं. तांड्यावर डुकरं नव्हती, ती गेल्या साथीत मेली होती, हे रंजनाला अप्पारावकडून ठाऊक होतं. तिनं तसं सांगितलं.

“मंग कोंबड्या असतील,” मालनबाई म्हणाली. आणि लगेच, “बाई, मला काय कळतंय? मला म्हशी कळतेत. पाण्याबिगर म्हैस दूध चोरती, एवढं कळतंय. एकडाव फिरून बघा. मंग जा म्हना, जाते.”

ती लवकर जावी म्हणून रंजना हो म्हणाली. ती गेल्यावर तिनं खुर्ची स्पिरिटनं पुसली.

फेरतपासणीच्या दिवशी पुलावर उभं राहून तिनं ब्लीचिंगची बाटली मागितली. अप्पारावनं हात झटकले. बाटलीचं बूच सैल राहून गेल्या खेपेला ते पाणी त्याच्या पँटवर सांडलं होतं आणि कापडाला भोकं पडली होती. बायकोनं त्याला घरात घेतलं नव्हतं म्हणे. “आज ती बाटली गाडीत नाही, अम्मा. ती येईल किंवा मी येईन.” मग नाइलाजानं रंजनानं बादली आणि दोरी थर्मासमधल्या नुसत्या गरम पाण्यानं विसळली, अंगावर काटा घेऊन नमुने भरले आणि परत आली.

दोन दिवसांनी जंतू वाढवायला ठेवलेल्या काचेच्या तबकड्या उघडल्या तर सगळं उलटं. माणसाकडचे जिवाणू तबकडीभर पसरलेले, मोजताच येईनात. तिला आधी वाटलं, न धुतलेल्या बादलीची ही शिक्षा, नमुना घाण झाला. ती तसं म्हणणारच होती, आणि म्हणता म्हणता थांबली. घाण कशानं झाला? बादलीत गरम पाण्याशिवाय काहीच नव्हतं. मग आधीच्या खेपांना बादलीत काय होतं?

हे तर पहिल्या वर्षाच्या मुलीला ठाऊक असतं. नळाचं पाणी तपासायचं तर बाटलीत चिमूटभर मिठासारखी एक पूड घालतात, पाण्यातलं क्लोरीन मारायला, नाही तर क्लोरीन जंतूंना मारतं. नदीच्या बाटलीत ती घालत नाहीत, कारण नदीत क्लोरीन कुठून येणार? ते रंजना घेऊन जात होती. सुंभ ब्लीचिंग पिऊन तट्ट फुगलेलं असे, ते बादलीत ठिबके, बादलीच्या तळाशी घोटभर राही. आणि क्लोरीनला सगळे जिवाणू सारखे नसतात. माणसाकडचे नाजूक, ते आधी मरतात. गुरांकडचे चिवट, ते टिकतात. हिवाळाभर तिनं आपल्या हातानं माणसाची घाण नाहीशी केली होती आणि जे उरलं ते मालनबाईच्या म्हशींच्या नावावर चढवलं होतं.

खात्री करायला ती पुन्हा गेली. एक बादली ब्लीचिंगनं धुतलेली, एक नुसती उकळत्या पाण्यानं. एकाच जागेचं पाणी. आकडे तसेच निघाले. म्हशींचा वाटा होता, पण तो माणसाच्या मैल्यापुढे काहीच नव्हता. आणि एवढा मैला एका तांड्याचा किंवा अर्ध्या गावाचा असणं शक्य नव्हतं.

आता वर जाऊन बघण्याला पर्याय नव्हता. पुलाच्या वर गाडीरस्ता नव्हता, काठावर बाभूळ माजलेली. पाण्यातून चालावं लागणार होतं. रंजनानं साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि पाय पाण्यात घातला. गाळ कोमट होता. तो बोटांच्या मधून वर आला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. जसजशी ती वर गेली तसा शेणाचा वास मागे पडला आणि दुसराच वास यायला लागला. तो तिला ओळखीचा होता, म्हणून जास्त भयंकर वाटला. एका वळणावर तिला उलटी झाली. अप्पाराव मागून येत होता, तो सभ्यपणे आभाळाकडे बघत उभा राहिला.

वळणापुढे दगडाची जुनी खाण होती. खाणीच्या कडेला एक टँकर मागे तोंड करून उभा होता आणि त्याच्या जाड नळीतून काळं पाणी धबधब्यासारखं खाली पडत होतं. खाण भरली होती आणि एका फटीतून वागूत सांडत होती. फटीच्या तोंडाशी कपडे धुवायच्या पावडरीचा फेस साचला होता, पांढरा, कमरेएवढा. फॉस्फेट कुठून येतं तेही कळलं. फेसात कापूस, निरोध, केसांचे गुंते, आणखी काय काय.

हाच टँकर तिनं सकाळी पाहिला होता. तिच्या इमारतीच्या आवारात, सेप्टिक टँकचं झाकण उघडून नळी आत सोडलेली, आणि शेजारी श्रीकांत उभा राहून सूचना देत होता. ती रुमाल नाकाला लावून, मान वळवून जीपमध्ये बसली होती.

ड्रायव्हरनं तिला ओळखलं. हसला, हात कपाळाशी नेला.

“सलाम मेडम. आपकीच बिल्डिंग का माल है.”

त्यात छद्मीपणा नव्हता. ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं तो बोलला. विचारल्यावर त्यानं मोकळेपणानं सांगितलं, की त्या बाजूच्या सगळ्या नव्या इमारतींचं इथंच येतं, गटार अजून तिकडे पोचलंच नाही, मग न्यायचं कुठे?

रंजना खाली आपल्या पायांकडे बघत राहिली. काळा गाळ घोट्यापर्यंत चढला होता. आपलं, श्रीकांतचं, खालच्या मजल्यावरच्या केशवरावांचं, सगळ्यांचं.

साहेबांना तिनं दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अहवाल गेलेला आहे, ते म्हणाले. प्रयोगशाळा स्वतःच्या चुकीची दवंडी पिटत नसते, आणि ही कंपनी आणखी कामं देणार आहे. “शेण आहेच ना त्यात? मग खोटं काय लिहिलंय?” ते खरंच होतं. गप्प बसणं किती सोपं आहे हे त्या एका वाक्यानं तिच्या लक्षात आलं, आणि तिला साहेबांचीही किळस आली, जरा स्वतःचीही.

घरी श्रीकांत जेवत होता. ती तिसऱ्यांदा पाय धुऊन आली आणि सांगू लागली, तसा त्यानं हातातला घास खाली ठेवला.

“जेवताना कशाला?”

“मग कधी?”

तो म्हणाला, सगळ्याच बिल्डिंगांचं जातं, आपण एकटे थोडेच आहोत. तू सांगशील आणि टँकर बंद होतील, मग इथलं काय डोक्यावर घेऊन बसायचं? शिवाय चूक कबूल करून नोकरी घालवशील ते वेगळंच.

“रंजू, त्या बाईच्या म्हशी तिथं नाही तर दुसरीकडे बसतील.”

“म्हशी बसतील. आपलं कुठे बसेल ते सांग.”

 श्रीकांतनं ताट पुरं केलं नाही.

उगादीच्या आदल्या आठवड्यात मल्केपल्लीत शाळेच्या ओसरीवर पंचायत बसली. कंपनीचा माणूस आला होता, सरपंच होते, मालनबाई खांबाला टेकून उभी होती. रंजना साहेबांना न विचारता गेली. मोडक्यातोडक्या तेलुगूत आणि दखनीत तिनं सांगितलं, की पहिला अहवाल चुकला, तो तिच्या बादलीमुळे चुकला, आणि घाण शहराची आहे, खाणीतून येते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, म्हणजे पहिल्या वेळी मॅडम शिकत होत्या का? सगळे हसले. खाणीत टँकर येतात हे गावात बऱ्याच जणांना ठाऊक होतं, असं मग निघालं. खाण कुणाच्या तरी मेहुण्याची होती आणि विषय कुणी काढला नव्हता.

कंपनीच्या माणसानं फक्त एवढंच विचारलं, की खाणीतलं पाणी जमिनीखालूनही काठापर्यंत झिरपत असेल का? रंजना म्हणाली, झिरपत असणार. त्यानं बॅग उचलली. डांबरी रस्ता त्याच्याबरोबर गेला. सरपंचांनी रंजनाकडे असं पाहिलं, की जणू रस्ता तिनंच गुंडाळून जीपमध्ये टाकला होता. पण गोठा हलवायचं आता कारण उरलं नाही, आणि टँकर अडवायला खाणीच्या वाटेवर चर खणायचं मात्र रागारागात का होईना ठरलं.

मालनबाई जीपपर्यंत आली. आभार मानायला येतेय असं रंजनाला वाटलं. मालनबाईनं आजूबाजूला बघून आवाज उतरवला.

“म्हंजे माज्या म्हशी शहराचं गू पीत व्हत्या?”

रंजनानं मान हलवली.

“ऱ्हायल्या ते बरं झालं, बाई. पर हे दुधाच्या गिऱ्हाइकात बोलू नगा. समदं दूध शहरातच जातंय.”

कुठल्या भागात जातं, हे विचारायला रंजनाची जीभ रेटली नाही. म्हशींना काही दिवस विहिरीचं पाणी दाखवा, कास गरम पाण्यानं धुवा, एवढं ती म्हणाली. मालनबाई बरं म्हणाली, पण ऐकल्यासारखं वाटलं नाही. त्या दिवसापासून रंजनाच्या घरी दूध दोनदा उकळू लागलं.

साहेबांनी तिला काढलं नाही. नळाच्या पाण्याच्या तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि बाहेरची कामं दुसऱ्याकडे दिली.

चर खणला गेला आणि टँकरवाल्यानं श्रीकांतला फोन करून सांगितलं, की आता जागा नाही, दुसरी सापडली की येतो. इमारतीची टाकी भरली. आधी तळमजल्याच्या न्हाणीघरात पाणी उलटं यायला लागलं, मग आवारातल्या झाकणाच्या कडेनं काळी धार सुटली आणि गाड्यांच्या चाकांखालून फाटकाकडे वाहू लागली. सगळ्यांनी आवारात खुर्च्या टाकून तातडीची सभा घेतली. प्रत्येकाच्या नाकाला काही ना काही लावलेलं होतं.

केशवराव रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सभेत त्यांना मान. ते सगळ्यांचं ऐकून घेऊन रंजनाकडे वळले.

“सूनबाई, तुम्ही एवढे नदीनाले हिंडलात. शहराच्या दुसऱ्या अंगाला, जिथं फारसं कुणी राहत नाही, असा एखादा वागू तुमच्या माहितीत असेलच.”

ते चेष्टा करत नव्हते. बाकीच्यांनीही माना वळवल्या. श्रीकांतसुद्धा बघत होता. रंजनाच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसं. तिनं ते गिळलं.

“आहेत,” ती म्हणाली. “सांगणार नाही.”

मग कुणी काय, कुणी काय बोलू लागलं. नगरपालिकेला निवेदन द्या, बिल्डरला पकडा. रंजनानं आवाराच्या कोपऱ्याकडे, मुलांच्या झोपाळ्याकडे हात केला आणि तिथं मैलापाणी जमिनीत मुरवायचा मोठा शोषखड्डा खणा म्हणाली. खिडक्यांखाली? लोक उठून उभे राहिले. आमच्या खिडक्यांखाली घाण ठेवायची? दोन बायकांनी तिच्याशी बोलणं सोडलं ते त्या दिवसापासून. सभा काही न ठरता मोडली, कारण त्या वासात कुणाला बसवेना.

दुसरी जागा कुणालाच सापडली नाही, आणि शेवटी झोपाळ्याशेजारी खड्डा खणायला माणसं आली तेव्हा मृग तोंडावर आला होता, आणि वास चौथ्या मजल्यापर्यंत चढला होता.